चतुःसीमा

कंग्राळी खुर्द आणि कंग्राळी बुद्रुक या जोडगावांच्या नावांतच फारसी दप्तराचा शिक्का उमटलेला आहे. खुर्द म्हणजे धाकटे आणि बुद्रुक म्हणजे थोरले. बेळगावच्या बाजार समितीच्या आवारावरून या गावांकडे निघावे, तर शहर कोठे संपले आणि शिवार कोठे सुरू झाले हे आता नेमके सांगता येत नाही. ज्या बांधावर परवापरवापर्यंत भाताच्या पेंढ्या वाळत होत्या, त्याच बांधालगत आज चुन्याची फक्की मारून भूखंडांचे चौकोन आखलेले दिसतात. अशा ठिकाणी जमिनीला दोन भाव येतात, एक नांगराचा आणि दुसरा विटेचा. आणि या दोहोंतील अंतर जसजसे वाढत जाते, तसतशी लोकांची नजर जी जमीन कोणा एकाची नाही तिच्याकडे वळू लागते.

‘गायरान पंचायतीचे, पंचायतीने विकले तर कोणाचे काय गेले?’ असे पारावर सहज विचारले जाते. पण गायरानावर गावाचा हक्क चराईचा, मालकी सरकारची. मुंबई इलाख्याच्या १८७९ च्या जमीन महसूल कायद्याने मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद केली. पुढे १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, १९६४ चा नवा कायदा आला आणि दप्तरात गायरानाचे ‘गोमाळ’ झाले, तरी मूळ व्यवस्था बदलली नाही. दर १०० जनावरांमागे १२ हेक्टर असे कर्नाटकाच्या नियमांतील प्रमाण आहे. यात एक मौजेची गोष्ट अशी, की गोठे ओस पडून दारोदार दुचाकी उभ्या राहिल्या म्हणजे तेच गायरान कागदावर ‘जास्त’ ठरते, आणि जास्त ठरलेले क्षेत्र अन्य कामांसाठी मोकळे करता येते. गुरे विकणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात हे कधी येतही नसेल.

शेतीसाठी सरकारी जमीन देण्याची वाट निराळी. परवानगीवाचून वर्षानुवर्षे कसलेली जमीन, जिला महसुली भाषेत ‘बगैरहुकूम’ म्हणतात, ती मुदतीत अर्ज केला असल्यास समितीमार्फत नियमित होऊ शकते. परंतु मोठ्या शहरांभोवतीच्या ठरावीक अंतरातील जमिनीला कायद्याने ही सवलत नाकारलेली असल्यामुळे, दूरच्या खेड्यातील कष्टकऱ्याला जे मिळू शकते, ते शहराच्या उंबऱ्यावर जमीन कसणाऱ्याला मिळत नाही.

इमारतीसाठी भूखंड पाडून देण्याचे काम नगरविकास प्राधिकरणाचे, म्हणजे बेळगावच्या बोलीत ‘बुडा’चे. १९८७ च्या कायद्याखालील या संस्था सर्वसाधारण भूखंड अर्जावरून ठरावीक किमतीस देतात. कोपऱ्याचे आणि व्यापारी भूखंड मात्र लिलावात काढतात. दोन रस्त्यांना तोंड असलेली जागा दुकानालाही उपयोगी आणि मिरवायलाही बरी, हे नियम करणाऱ्यांनी नेमके हेरलेले दिसते. महापालिकेला आपली स्थावर मिळकत विकायची झाल्यास नुसत्या सभेच्या ठरावाने भागत नाही, सरकारची मंजुरी लागते; आणि ते योग्यच आहे, कारण सभासद निवडून येतात पाच वर्षांसाठी, तर खरेदीखत होते कायमचे. माझ्या मते, जेथे भाडेपट्ट्याने काम होत असेल तेथे विक्रीचा विषय पत्रिकेवर येऊच नये.

२०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावोगावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने गायराने अन्य कामांस देण्यावर निर्बंध घातले. निपाणीची हद्द ओलांडली की असा शासननिर्णय लागू. हद्दीच्या अलीकडे कर्नाटकाचे नियम. गुरांना मात्र दोन्हीकडे चारा तोच लागतो.

खरेदीखतात चतुःसीमा लिहिण्याची जुनी चाल आहे: पूर्वेस रस्ता, दक्षिणेस नाला, उत्तरेस अमक्याचे शेत, पश्चिमेस गायरान. त्याच जागेचे पुढचे खत होते तेव्हा मजकूर बहुधा तसाच उतरवून घेतात. फक्त पश्चिमेस भूखंडाचा क्रमांक आलेला असतो.