जुनी बाग, नवी लागवड

जुनी इमारत आणि जुनी बाग यांत एक महत्त्वाचा भेद आहे. इमारतीचा दगड जेथे बसवला, तेथेच तो शंभर वर्षांनीही असतो. बागेचे तसे नाही. वनस्पती वाढतात, जीर्ण होतात आणि मरतात. म्हणून जी बाग शतकाहून अधिक काळ टिकते, ती केवळ जपून ठेवल्याने टिकत नाही. ती पुन्हा पुन्हा लावल्यामुळे टिकते. कोलकात्यातील अलीपूरच्या बागेवरून हे आपल्याला समजून घेता येईल.

ही बाग ज्या कृषी व उद्यान संस्थेची आहे, तिची स्थापना १८२० साली विल्यम केरी यांच्या पुढाकाराने झाली. मराठी वाचकाला केरींचे नाव परके नाही. कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवीत. १८०५ साली त्यांनी मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठीचा कोश प्रसिद्ध केला. भाषांइतकेच त्यांना वनस्पतींचे वेड होते. हुगळी नदीच्या काठी, श्रीरामपूर येथे त्यांनी स्वतःची बाग फुलवली होती. १८२३ सालच्या पुराने तिची मोठी हानी झाली, तेव्हा खचून न जाता त्यांनी ती पुन्हा लावली.

पुढे अलीपूरची बाग विशेष प्रसिद्धीस आली ती कर्दळीमुळे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संस्थेचे सचिव सिडनी पर्सी-लँकास्टर यांनी तेथे संकर करून कर्दळीचे नवे प्रकार निर्माण केले. कर्दळ ही मूळची अमेरिका खंडातील. परंतु आपल्याकडे ती इतकी रुळली आहे, की परसदारी सांडपाण्याच्या वाटेवरही ती आनंदाने वाढते.

कर्दळ बहुवर्षायू आहे, म्हणजे एकदा लावली की अनेक वर्षे जगते. मग ती दरवर्षी उपटून पुन्हा का लावायची? याचे उत्तर जमिनीखाली आहे. हळद किंवा आले यांच्याप्रमाणे कर्दळीचे खोड जमिनीत आडवे वाढते. त्याला गड्डा म्हणतात. गड्ड्यातून वर आलेला दांडा फुलून झाला की वाळतो आणि नवे कोंब बाहेरच्या बाजूने फुटतात. दोन-तीन वर्षांत मधला भाग पोकळ व निर्जीव होतो, कडेला गर्दी होते, जमिनीतील सत्त्व संपते आणि फुले लहान पडू लागतात. वरून हिरवागार दिसणारा वाफा आतून थकलेला असतो.

बंगालमध्ये या कामाला फाल्गुन महिना सोयीचा. थंडी सरलेली असते आणि कालवैशाखीची वादळे अजून दूर असतात. माळी वाळलेले दांडे कापतो, गड्डे अलगद खणून काढतो आणि धारदार सुरीने त्यांचे तुकडे करतो. प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन डोळे राहतील, अशी काळजी घेतो. कुजलेला भाग टाकून देतो. वाफा खोल खणून, काही दिवस उन्हात तापवून त्यात भरपूर शेणखत मिसळतो. मग सुमारे दीड-दोन फूट अंतरावर तुकडे लावून पाणी देतो. पावसाळ्यात वाफ्यात पाणी तुंबले तर गड्डे कुजतात; म्हणून निचऱ्याचे चर आधीच काढावे लागतात.

या साध्या दिसणाऱ्या कामात एक मोठी जबाबदारी दडलेली आहे. संकरित कर्दळीचे बी पेरले, तर मूळ झाडासारखेच झाड येईल याची खात्री नसते. रंग आणि आकार जसाच्या तसा हवा असेल, तर गड्ड्याचाच तुकडा लावावा लागतो. एखाद्या प्रकाराचे शेवटचे बेट मेले आणि त्याचा तुकडा इतरत्र कोठेही नसला, तर तो प्रकार जगातून कायमचा नाहीसा होतो. नावाची पाटी हरवली, तर झाड जिवंत राहूनही त्याची ओळख पुसली जाते. याउलट, पानांवर पिवळे पट्टे दिसू लागले, तर तो विषाणूचा रोग असू शकतो. असा गड्डा मोहाने ठेवला, तर त्याच्या प्रत्येक तुकड्याबरोबर आणि सुरीच्या पात्याबरोबर रोग पसरतो. काय राखायचे आणि काय जाळून टाकायचे, हा निर्णय माळ्याला दरवर्षी घ्यावा लागतो.

म्हणून जुन्या बागेचा वारसा केवळ तिच्या झाडांत नसतो. तो नोंदवहीत असतो, पाट्यांत असतो आणि एका पिढीच्या माळ्याने दुसऱ्या पिढीला दिलेल्या ज्ञानातही असतो. या साखळीतील एक वर्ष जरी चुकले, तरी पूर्वीच्या शंभर वर्षांचे श्रम वाया जाऊ शकतात. एखाद्या उद्यानात फुललेली कर्दळ पुढे कधी पाहाल, तेव्हा फुलाबरोबर त्याखालच्या मातीचा आणि ती खणणाऱ्या हातांचाही विचार करा.