पिकअपचा ऑइल चेंबर काढायचाय? आधी टॉर्च मारून बघा!

मागच्या टोमॅटोच्या सीझनला मामाच्या पिकअपखाली रोज सकाळी ऑइलचा डाग दिसायला लागला. मी कोड लिहिणारा माणूस, तरी दोन व्हिडिओ बघून मामाला सांगितलं, "चेंबर काढू, पॅकिंग बदलू. दोन तासांचं काम आहे." गाडी दीड दिवस उभी राहिली. माल दुसऱ्याच्या गाडीने नारायणगावला पाठवावा लागला. आणि गळती? तशीच! ऑइल वरच्या टॅपेट कव्हरमधून येत होतं आणि ओघळून चेंबरच्या कडेवरून टपकत होतं. एरर एका फाईलमध्ये दिसत होती, बग भलतीकडेच होता.

चेंबर म्हणजे काय?

इंजिनच्या तळाशी असलेलं पत्र्याचं किंवा ॲल्युमिनियमचं भांडं म्हणजे ऑइल पॅन. गॅरेजवाले त्याला चेंबर म्हणतात. ऑइल इथे साठतं. इंजिन चालू झालं की पंप ते जाळीतून ओढून बेअरिंगपर्यंत पोचवतो आणि ते पुन्हा खाली येतं.

आधी गळती शोधा

इंजिन बाहेरून पुसून कोरडं करा. गाडी थोडी फिरवून आणा, थंड होऊ द्या. मग मोबाईलचा टॉर्च लावून वरून खाली बघत या. सगळ्यात वर जिथे ओलं दिसेल, गळती बहुतेक तिथेच असते. मी नेमकी हीच स्टेप गाळली होती.

काढायचाच असेल तर

१. गाडी सपाट जागेवर घ्या. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ठोकळे लावा. पुढून उचलल्यावर चेसिसखाली जॅक स्टँड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच जाऊ नका. जॅक सुटला तर जीव जाऊ शकतो.

२. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. ऑइल कोमट असताना ड्रेन बोल्ट खोलून सगळं ऑइल भांड्यात काढा.

३. आता जागा बघा. बऱ्याच पिकअपमध्ये चेंबरखालून चेसिसचा आडवा बार जातो. फोर बाय फोर असेल तर पुढचा डिफरन्शियलही आड येतो. काही गाड्यांत माउंटिंग सोडून इंजिन वर उचलावं लागतं. तसं असेल तर काम गॅरेजला द्या. व्हिडिओतल्या गाडीत जागा असते, म्हणून आपल्याही असेल असं नाही.

४. बोल्ट कमी-जास्त लांबीचे असू शकतात. पुठ्ठ्यावर चेंबरचा आकार काढा, प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचा आणि फोटो काढून ठेवा. समोरासमोरचे दोन बोल्ट शेवटपर्यंत राहू द्या, नाहीतर चेंबर अंगावर येईल.

५. चेंबर बऱ्याचदा सिलिकॉनने चिकटलेला असतो. स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका, कड वाकते. पातळ पट्टी सरकवा, रबरी हातोडीने हळू ठोका. खाली घेताना आतल्या जाळीला धक्का लागू देऊ नका.

६. तळ नीट बघा. धातूचे चमकणारे तुकडे दिसले तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय इंजिन चालू करू नका. बेअरिंग झिजलेलं असू शकतं.

परत बसवताना

दोन्ही कडा स्वच्छ करा, नवीन पॅकिंग किंवा सिलिकॉन लावा. बोल्ट मधून बाहेर, आलटून-पालटून आवळा. हे बोल्ट छोटे असतात. एम-६ बोल्टला बऱ्याचदा १० न्यूटन-मीटरच्या आसपासच टॉर्क असतो. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. जास्त जोर लावला की आटे जातात. सिलिकॉन सुकायला ट्यूबवर लिहिलेला वेळ द्या, मगच ऑइल भरा आणि डिपस्टिकवर लेव्हल बघा. जुनं ऑइल गटारात किंवा शेतात ओतू नका.

आमच्या गाडीचं टॅपेट कव्हरचं पॅकिंग शेवटी अर्ध्या तासात बदलून झालं. आता घरात काहीही बिघडलं की मामा आधी विचारतो, "टॉर्च मारून बघितलंस का?"