अस्थिकर्करोग आणि आनुवंशिकता

कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यातील एखाद्या ठाकुरवाडीत पंधरा वर्षांच्या मुलाचा गुडघा सुजला, तर मुका मार लागला असेल असे समजून लेप लावला जाणे स्वाभाविक आहे. आणि बहुधा ते खरेही असते. परंतु त्याच मुलाचा एक डोळा बालपणी अर्बुदामुळे काढावा लागला असेल, तर त्या सुजेचा अर्थ निराळा असू शकतो. डोळा व हाड यांचा हा संबंध कोणता, याचा येथे विचार करावयाचा आहे.

अस्थिकर्करोग हा विरळा रोग होय. त्याचा प्रमुख प्रकार वाढीच्या वयात, विशेषेकरून गुडघ्याजवळील लांब हाडांच्या टोकांशी उद्भवतो. बहुतेक रुग्णांत तो आनुवंशिक नसतो. तथापि काही कुटुंबांत पेशीविभाजनास आवर घालणाऱ्या जनुकातील दोष पिढ्यानुपिढ्या चालत येतो.

तेराव्या रंगसूत्रावरील आरबी-१ हे असेच एक जनुक. पेशीत त्याच्या दोन प्रती असतात. दृष्टिपटलाचे अर्बुद होण्यास दोन आघात लागतात, असा सिद्धांत आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ साली मांडला. जन्मतःच एक प्रत सदोष असल्यास दुसरा आघात पुरेसा ठरतो. ही सदोष प्रत हाडांच्या पेशींतही असते. म्हणून नेत्ररोगातून वाचलेल्या अशा मुलास पुढे अस्थिकर्करोगाचा धोका राहतो. किरणोपचार झालेल्या भागात तो अधिकच वाढतो. अशा व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यास ती प्रत मिळण्याची शक्यता निम्मी असते.

दुसरे जनुक सतराव्या रंगसूत्रावरील टीपी-५३. एकाच घराण्यात लहान वयात स्तनाचा, मेंदूचा व हाडांचा कर्करोग आढळावा, अशा कुटुंबांचे वर्णन ली व फ्रॉमेनी यांनी १९६९ साली केले. त्यामागील जनुकदोष १९९० साली उलगडला. याखेरीज, हाडांवर अनेक उंचवटे येण्याचा एक आनुवंशिक विकार आहे. ते उंचवटे सहसा निरुपद्रवी असतात. परंतु प्रौढपणी एखादा वाढू अथवा दुखू लागल्यास तपासणी अवश्य करावी.

दोष वारशाने आला म्हणजे रोग होतोच असे नाही; तसेच तो कोणाच्या पापाचे फळही नव्हे. रात्री वाढणारी वेदना किंवा न ओसरणारी सूज असल्यास चोळणे थांबवून क्ष-किरण चित्र काढावे, आणि घराण्यात कोणास लहानपणी डोळ्याचे वा तरुणपणी अन्य अर्बुद झाले होते काय, हे वैद्यास सांगावे. मुंबईस परळ येथे १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय आहे. त्याचेच संशोधन केंद्र रायगड जिल्ह्यात खारघर येथे आहे. रोग लवकर ओळखला गेल्यास जीव वाचण्याची, आणि पुष्कळदा पायही वाचण्याची, आशा वाढते.