जुळी संतती आणि कौटुंबिक वारसा : एक शास्त्रीय विवेचन

प्रस्तावना

प्रवरेच्या काठी वसलेल्या संगमनेरचे नाव पशुविज्ञानाच्या ग्रंथांत एका शेळीच्या जातीमुळे पोहोचले आहे. दूध आणि मांस अशा दोन्हींसाठी पाळली जाणारी 'संगमनेरी' ही जात अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), नाशिक आणि पुणे या जिल्ह्यांत आढळते. शेळीने एका वेतात दोन करडे देणे ही शेळीपालकाच्या दृष्टीने नवलाची बाब नाही. जुळे देणाऱ्या शेळीची पाट पैदाशीसाठी राखावी, असा सल्ला शेळीपालनाच्या मार्गदर्शनात नेहमी दिला जातो. जुळे होण्याचा गुण मादीच्या वंशातून पारखावा, हे पशुपालनातील जुनेच व्यवहारज्ञान होय.

मनुष्याच्या बाबतीत मात्र समज निराळे आहेत. सुनेला जुळी झाली की 'आमच्या घराण्यातच जुळी आहेत' असे सासरकडील मंडळी सांगतात. 'जुळे एक पिढी सोडून येते' असेही म्हटले जाते. जोडकेळे खाल्ल्याने जुळी होतात, ही समजूतही सर्वपरिचित आहे. महाभारतात माद्रीने अश्विनीकुमारांचे आवाहन केले आणि तिला नकुल व सहदेव हे जुळे पुत्र झाले. जुळ्या देवांपासून जुळी संतती, म्हणजे पित्याच्या बाजूने आलेले जुळेपण, अशी कल्पना या कथेत दिसते. जुळेपणाचा वारसा नेमका कशाचा असतो, तो कोणाकडून येतो आणि गरोदर स्त्रीच्या आरोग्याच्या दृष्टीने त्या माहितीचे मोल किती, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जुळ्यांचे दोन प्रकार

जुळी दोन प्रकारची असतात. एकाच फलित बीजांडाचे पुढे विभाजन होऊन दोन गर्भ तयार झाले, तर ती एकयुग्मजी जुळी होत. त्यांचे लिंग एकच असते आणि रूपही बहुधा सारखे असते. एकाच ऋतुचक्रात दोन बीजांडे सुटून ती दोन वेगळ्या शुक्राणूंनी फलित झाली, तर ती द्वियुग्मजी जुळी होत. अशा दोन मुलांतील आनुवंशिक साम्य सख्ख्या भावंडांइतकेच असते. त्यांत एक मुलगा व एक मुलगी असू शकते.

एकयुग्मजी जुळ्यांचे प्रमाण जगभर जवळजवळ स्थिर, म्हणजे दर हजार प्रसूतींमागे सुमारे 4 आहे. वंश, प्रदेश वा मातेचे वय यांनी त्यात फारसा फरक पडत नाही. काही विरळ कुटुंबे वगळता ती कुळात उतरत नाहीत. द्वियुग्मजी जुळ्यांचे प्रमाण मात्र प्रदेशानुसार बदलते. पश्चिम नायजेरियातील योरुबा समाजात जुळ्यांच्या प्रसूतींचे प्रमाण हजारी 40 हून अधिक नोंदले गेले आहे, तर दक्षिण आशियात ते सामान्यतः हजारी 9 च्या आत राहिले आहे. 'जुळी घराण्यात असतात' या विधानाला आधार आहे तो द्वियुग्मजी जुळ्यांपुरताच.

वारसा अंडमोचनाचा

द्वियुग्मजी जुळ्यांसाठी एकाच वेळी दोन बीजांडे सुटणे आवश्यक असते. हे कार्य स्त्रीच्या अंडाशयाचे आहे. पतीच्या कुळात कितीही जुळी असली, तरी पत्नीच्या अंडाशयातून किती बीजांडे सुटावीत हे त्यामुळे ठरत नाही. अमेरिकेतील मॉर्मन पंथीयांच्या वंशावळींवर आधारित एक अभ्यास 1964 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्वतः द्वियुग्मजी जुळ्यांपैकी असलेल्या स्त्रियांना सुमारे 60 प्रसूतींमागे एकदा जुळी झाल्याचे दिसले. द्वियुग्मजी जुळ्यांपैकी असलेल्या पुरुषांच्या पत्नींमध्ये मात्र हे प्रमाण सुमारे 125 प्रसूतींमागे एक इतकेच होते.

याचा अर्थ पुरुष हा गुण वाहून नेत नाही असा नव्हे. तो आईकडून मिळालेली जनुके आपल्या मुलीला देऊ शकतो. त्याच्या स्वतःच्या संसारात तो गुण प्रकट होत नाही. मुलीच्या प्रसूतीत मात्र होऊ शकतो. आजीला जुळी, मुलाच्या घरी एकेकटी मुले आणि नातीला पुन्हा जुळी, असा क्रम यातून घडू शकतो. 'पिढी सोडून' येण्याच्या समजुतीत सत्याचा अंश आहे तो एवढाच. पिढी सोडण्याचा असा कोणताही नियम नाही. म्हणून पाहावयाचे ते स्त्रीचे माहेर. आणि त्यात तिच्या आईकडील तसेच वडिलांकडीलही स्त्री-नातेवाईक, म्हणजे आई, बहीण, मावशी, आत्या व दोन्हींकडच्या आज्या, धरावयाच्या.

फलटणच्या मेंढ्यांचा दाखला

नराने गुप्तपणे वाहिलेला आणि मादीत प्रकटणारा हा वारसा समजून घेण्यास महाराष्ट्रातीलच एक उदाहरण उपयुक्त ठरते. धनगर समाज पिढ्यान्‌पिढ्या पाळत असलेली दख्खनी मेंढी एका वेतात बहुधा एकच कोकरू देते. याउलट बंगालमधील सुंदरबन भागातील 'गॅरोल' ही लहान चणीची मेंढी दोन, कधी तीन कोकरे देते. सातारा जिल्ह्यातील फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने 1990 च्या दशकात गॅरोल मेंढ्या आणून त्यांचा दख्खनी मेंढ्यांशी संकर सुरू केला. डॉ. चंदा निंबकर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या या कार्यात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा आणि ऑस्ट्रेलियातील संशोधकांचा सहभाग होता. त्यातूनच 'नारी सुवर्णा' हा मेंढ्यांचा वाण विकसित झाला.

या गुणामागे 'फेक-बी' नावाचे एकच प्रभावी जनुक आहे. ऑस्ट्रेलियातील 'बुरूला' मेंढ्यांत ते प्रथम लक्षात आले. 2001 मध्ये त्यातील नेमका बदल संशोधकांनी शोधून काढला. या जनुकाची एक प्रत असलेल्या मेंढीत अंडमोचनाची संख्या वाढते. मेंढ्यात हे जनुक असले तरी त्याचा परिणाम त्याच्या जोडीदार मेंढीच्या वेतावर होत नाही. तो त्याच्या मुलींच्या वेतात दिसतो. म्हणूनच पैदाशीचा मेंढा बाह्य रूपावरून निवडता येत नाही, त्याची डीएनए चाचणी करावी लागते.

मानवातील जनुके

मनुष्यात असे एकच प्रभावी जनुक आढळलेले नाही. येथे अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात नैसर्गिक रीतीने द्वियुग्मजी जुळी झालेल्या सुमारे 2000 मातांच्या जनुकसंचाची तपासणी झाली. त्यात दोन स्थाने ठळकपणे पुढे आली. पहिले, अंडपुटकांच्या वाढीस चालना देणाऱ्या एफएसएच या संप्रेरकाच्या निर्मितीशी संबंधित 'एफएसएचबी' जनुकाजवळचे. दुसरे, त्या संप्रेरकाला अंडाशय कसा प्रतिसाद देतो याच्याशी संबंधित 'स्मॅड-3' जनुकातील. यांपैकी कोणत्याही एका स्थानावरील बदलाने जुळ्यांची शक्यता पाचव्या हिश्श्याहूनही कमीच वाढते.

शक्यतेचे गणित

आई किंवा बहीण यांना द्वियुग्मजी जुळी झाली असल्यास स्त्रीला तशी जुळी होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते. 'दुप्पट' हा शब्द मोठा वाटतो. परंतु मूळ प्रमाण लहान आहे. हजार प्रसूतींमागे जुळ्यांच्या 8 प्रसूती हे प्रमाण धरले आणि ते सरसकट दुप्पट केले, तरी आकडा 16 होतो. अशा हजार स्त्रियांपैकी 984 जणींना एकच अपत्य होईल. कौटुंबिक इतिहास शक्यता वाढवितो. भाकीत करीत नाही.

वारशाखेरीज इतर कारणेही आहेत. वयाच्या पस्तिशीनंतर एफएसएचची पातळी वाढते आणि जुळ्यांचे प्रमाणही वाढते. अधिक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांत ते जास्त आढळते. वंध्यत्वावरील उपचारांचा परिणाम याहून मोठा आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात 6 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून नलिकाबालकाचा जन्म झाला. त्यानंतर असे उपचार हळूहळू तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले. अंडमोचनासाठी दिल्या जाणाऱ्या क्लोमिफेन या औषधाने होणाऱ्या गर्भधारणांपैकी शेकडा 5 ते 8 जुळ्यांच्या असतात. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार 1980 ते 1985 या काळात हजारी 9.1 असलेले जुळ्यांचे प्रमाण 2010 ते 2015 या काळात 12 झाले. उपचारांचा प्रसार हे या वाढीचे प्रमुख कारण होय. वारसा तीन दशकांत बदलत नाही. एकाच बाळंतपणात दोन अपत्ये व्हावीत, या इच्छेने अशी औषधे वैद्यकीय देखरेखीविना घेणे धोक्याचे आहे.

माहितीचा उपयोग

जुळ्यांची गर्भावस्था जोखमीची असते. निम्म्याहून अधिक जुळी 37 आठवड्यांपूर्वी जन्मतात. मातेस रक्तक्षय, उच्च रक्तदाब व प्रसूतीनंतरचा रक्तस्राव यांचा धोका वाढतो. दवाखान्यापासून दूर, घाटमाथ्यावर वा पठारावर राहणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत गर्भ दोन आहेत हे प्रसूतीच्या वेळी समजणे जिवावर बेतू शकते. म्हणून गर्भावस्थेच्या नोंदणीच्या वेळी माहेरचा इतिहास विचारणे योग्यच ठरते. त्यासाठी वेगळा खर्च लागत नाही.

तथापि येथेच एक सावधगिरी आवश्यक आहे. ज्या जुळ्यांची वार सामाईक असते, त्यांना एका गर्भाकडून दुसऱ्याकडे रक्त वाहण्यासारखे गंभीर धोके असतात. अशी जुळी जवळजवळ नेहमी एकयुग्मजी असतात. आणि एकयुग्मजी जुळी तर कौटुंबिक इतिहासावरून ओळखता येत नाहीत. 'आमच्याकडे कोणालाच जुळी नाहीत' या उत्तरावर निश्चिंत राहणे म्हणूनच चुकीचे आहे. गर्भ किती आणि वार एक की दोन, हे 11 ते 14 आठवड्यांच्या दरम्यान केलेल्या सोनोग्राफीत सर्वांत स्पष्ट दिसते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत 2016 पासून दरमहा 9 तारखेला शासकीय आरोग्य संस्थांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी केली जाते. जोखमीच्या माता ओळखणे हाच तिचा हेतू आहे.

समारोप

जुळेपणाचा वारसा म्हणजे वस्तुतः अंडमोचनाचा वारसा होय. तो स्त्रीच्या माहेरच्या दोन्ही बाजूंनी येतो, पुरुषाकडून मुलीकडे जातो आणि केवळ द्वियुग्मजी जुळ्यांना लागू पडतो. कुटुंबात जुळी असणे हे लवकर तपासणी करण्याचे एक जादा कारण आहे. कुटुंबात जुळी नसणे हे तपासणी टाळण्याचे कारण कधीही होऊ शकत नाही. महाविद्यालयीन अध्यापनात आनुवंशिकता शिकविताना हा भेद स्पष्ट झाला, तर विद्यार्थ्यांमार्फत तो घरोघरी पोहोचू शकेल.