छऱ्यांची बंदूक

माधवराव शिंदे यांनी १९०५ साली सुरू केलेल्या ग्वाल्हेरच्या मेळ्यात फुगे फोडून आलेला मुलगा घरी तशीच बंदूक मागतो. मग पालक दुकानी जाऊन विचारतात, "सर्वांत जोरदार कोणती?" हा प्रश्नच चुकीचा आहे.

या बंदुकीत हवा साठविलेली नसते. नळी बिजागरीवर खाली वाकवली की स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढताच स्प्रिंग दट्ट्याला पुढे लोटते आणि दट्ट्यापुढील हवा दाबली जाऊन छऱ्यास ढकलते. छर्रा नळीतून सुटण्यापूर्वीच बंदूक आधी मागे, लगेच पुढे हिसका देते. म्हणून ती आवळून धरू नये. तळहातावर सैल विसावू द्यावी. स्प्रिंग अधिक कडक घातल्यास हिसका वाढतो, नेम सुधारत नाही.

निवड करताना बंदूक टेकवून १० मीटरांवर ५ छर्रे मारावेत. छिद्रे एकवटली, तर ती घ्यावी. ती मध्यापासून दूर पडली तरी चिंता नसावी, नेमाची खाच सरकवून ते सुधारते. ४.५ मिलिमीटरचे छर्रेही निरनिराळे वापरून पाहावेत.

तेलाचा सोस मात्र नको. दट्ट्यापुढे गेलेले तेल डिझेल इंजिनातल्याप्रमाणे पेटते. छऱ्यावाचून चाप ओढला, तर हवेची उशी न मिळता दट्ट्या आदळतो. छर्रा भरताना वाकवलेली नळी हाताने घट्ट धरावी. ती सुटली तर बोटे चेंगरतात. लक्ष्यामागे मातीने भरलेली पेटी ठेवावी. विटेवरून उसळलेला छर्रा डोळ्यापर्यंत येतो.