साडेपाच तास मागे

‘विंडोज न काढता लिनक्स टाकून मिळेल.’ झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोच्या पाट्यांच्या गर्दीत हे वाक्य हातानं रंगवलेलं होतं. सालेकसा म्हणजे हावडा-मुंबई लोहमार्गावरचं तालुक्याचं गाव; पुढे दरेकसा ओलांडलं की छत्तीसगड. धानकापणीच्या दिवसांत इथं लिनक्स कुणाला हवंय, या कुतूहलानं मी आत शिरलो.

उत्तर काउंटरवरच पडलेलं होतं. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीचा किंवा पुढचा. हा लॅपटॉप सातव्या पिढीचा. मालक टायपिंगची कामं करणारा. बटणांवरची अक्षरं पुसलेली, बाकी यंत्र ठणठणीत. असलं यंत्र कागदोपत्री म्हातारं ठरवायचं, हे मला काही पटत नाही. पण विंडोज पुसून टाकणंही परवडणारं नव्हतं. अंगठा घेणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर विंडोजचं, आणि इतक्या वर्षांचे अर्जांचे नमुने श्रीलिपीत. जुन्या फाँटमधला तो मजकूर युनिकोड नसल्यानं दुसरीकडे उघडला की नुसती चिन्हं दिसतात.

दुकानातला पोरगा पेनड्राइव्ह लावायच्या आधी शाळेची वही उघडतो. बायॉसमध्ये जे जसं आहे, तसं आधी उतरवून घेतो: बूट यूईएफआय की लेगसी, सिक्युअर बूट चालू की बंद, साटा कोणत्या मोडवर. प्रत्येक लॅपटॉपला एक पान. सगळीकडे स्क्रीनवर बोटं चालत असताना या दुकानात आधी पेन चालतं. माझी नजर त्या वहीवरच अडकून राहिली.

“भाऊ, लिनक्स टाकाले अर्धा तास. बाकी सगळा वेळ आधीच्याले समजावण्यात जाते,” तो म्हणाला.

समजावणं म्हणजे काय, ते लगेच दिसलं. इन्स्टॉलर सुरू झाला आणि डिस्कच दिसेना. डिस्क खराब नव्हती. साटा ‘रेड’ मोडवर, म्हणजे इंटेलच्या रॅपिड स्टोरेजच्या ताब्यात होती. ती एएचसीआयवर आणली की लिनक्सला डिस्क दिसते. मात्र तेवढंच घाईनं केलं तर विंडोज निळा पडदा टाकून आडवं होतं, कारण सुरू होताना ते फक्त सवयीचा ड्रायव्हर शोधतं. म्हणून त्यानं पुन्हा विंडोजमध्ये जाऊन पुढची सुरुवात सेफ मोडमध्ये व्हावी अशी खूण केली, रीस्टार्ट दिला आणि एफ-टूवर बोट दाबत राहिला. बायॉस उघडलं, मोड बदलला. सेफ मोडमध्ये विंडोज आपले मूळचे ड्रायव्हर चढवतं, त्यात एएचसीआयचाही येतो. पडदा काळा असेपर्यंत मालक काही बोलला नाही. मालगाडी गेली, काउंटर थरथरला, मग कोपऱ्यात ‘सेफ मोड’ उमटलं. पोरानं खूण काढली आणि वहीत ‘रेड’च्या पुढे बाण काढून नवा मोड लिहिला.

फास्ट स्टार्टअप बंद करणं एका मिनिटाचं काम. ते चालू राहिलं तर विंडोज पूर्ण बंद होतच नाही आणि लिनक्सला तिथल्या फायलींत लिहिता येत नाही. मग विंडोजकडूनच सी ड्राइव्ह आखडून घेतला. “शेताचा धुरा ज्याचा त्यानंच सरकवाव. दुसऱ्यानं सरकवला का भांडण.”

भांडणाचा अनुभव जगाला आहेच. ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटनं सिक्युअर बूटचे नियम कडक केले आणि अनेक जोडयंत्रांवर लिनक्स सुरूच होईना. दोन सिस्टिम असलेल्या यंत्रांना हे लागू होणार नाही, असं कंपनीनं आधी सांगितलं होतं. दुरुस्ती आली मे २०२५मध्ये. तोवर सालेकशासारख्या गावात लोकांनी दोष दिला असेल तो दुकानदारालाच.

दोन्ही सिस्टिम चालू झाल्या. मालकानं विंडोज उघडलं आणि चमकला: दुपारचे साडेबारा झालेले, घड्याळ म्हणतंय सकाळचे सात.

“साडेपाच तास,” पोरगा न बघताच म्हणाला. “सगळे हेच सांगत वापस येतात जी. साडेपाच तास मागं.”

मदरबोर्डवरचं घड्याळ विंडोज स्थानिक वेळ समजून वाचतं, तर लिनक्स त्यात जागतिक प्रमाणवेळ भरून ठेवतं. भारत त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे, म्हणून विंडोज तेवढंच मागे पडतं. बिघाड कुठेच नाही. दोघांनीही यंत्रात आपण एकटेच आहोत असं धरलेलं. लिनक्समध्ये जाऊन त्यानं एका ओळीची आज्ञा दिली, विंडोजमधली वेळ नीट केली, दोन्हीकडे तपासली आणि पैसे घेतले.

तेवढ्यात एक विद्यार्थिनी नवाकोरा लॅपटॉप घेऊन आली. त्यानं सेटिंग उघडलं, बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं कुलूप, चालू दिसलं. ते उघडणारी रिकव्हरी की कुठे आहे, तिला माहीत नव्हतं. त्यानं लॅपटॉप मिटून परत दिला.

“ताई, आधी ते ४८ आकडे आणा. त्याच्याबिगर मी बायॉसले हात लावत नाही.”