सिझरनंतर लघवीची नळी कधी काढतात?

का घालतात? मूत्राशय गर्भाशयाला अगदी लागून असतं. ते रिकामं राहिलं तर शस्त्रक्रियेत इजा होण्याचा धोका कमी होतो. शिवाय पाठीतल्या भुलीच्या इंजेक्शनमुळे काही तास लघवीची जाणीवच होत नाही.

कधी काढतात? यावर एकमत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या मते बाळंतीण चालू-फिरू लागल्यावर, पण भुलीच्या शेवटच्या वाढीव डोसानंतर 12 तासांच्या आत नाही. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण लवकर बरा व्हावा यासाठी शिफारशी करणाऱ्या ‘इरास’ सोसायटीच्या 2019 च्या शिफारशीनुसार मात्र शस्त्रक्रिया संपताच.

लवकर काढल्यास: जंतुसंसर्गाची शक्यता घटते, बाळंतीण लवकर उठून चालू लागते. मात्र लघवी तुंबून काहींना नळी पुन्हा घालावी लागते.

जास्त काळ कधी ठेवतात? मूत्राशयाला इजा झाली असल्यास, रक्तस्राव जास्त झाल्यास किंवा वाढलेल्या रक्तदाबामुळे झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट सुरू असल्यास. अशा वेळी दर तासाची लघवी मोजावी लागते किंवा मूत्राशयाला विश्रांती द्यावी लागते.

काढल्यावर लक्ष ठेवा: सहा तासांत लघवी झाली नाही, थेंब-थेंब होते, ओटीपोट फुगलं, जळजळ किंवा ताप आला, तर लगेच नर्सला सांगा. नळी स्वतः ओढू नका. तिला जागेवर धरून ठेवणारा आतला फुगा आधी रिकामा करावा लागतो.